अंगणातली टाकी आणि नगरपालिका

श्रोतेहो, आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो चारचौघांत काढण्याचा नव्हे, असे आपण मानतो. घर बांधायला घेतले म्हणजे देवघर कोणत्या दिशेला असावे ह्यावर आपण आठ-आठ दिवस चर्चा करतो. स्वयंपाकाच्या ओट्याचा दगड पाहायला तीन दुकाने पालथी घालतो. पण संडासाची टाकी कुठे खणायची, केवढी खणायची, तिचे पाणी पुढे कुठे जाणार, हे सारे गवंड्यावर सोपवून आपण मोकळे होतो. टाकी जमिनीखाली गेली, वर फरशी बसली, की ती नजरेआड होते आणि मग मनातूनही जाते.

हे मी लोकांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. मी स्वतः त्यांतलाच आहे. आमचे घर वडिलांनी १९९४ साली बांधले. आमच्या गावात गटारे आहेत ती उघडी, सांडपाण्याची. मैला वाहून नेणारी भुयारी गटारे नाहीत. म्हणून घरोघर टाक्या. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी नगरपालिकेचा एक तरुण कर्मचारी हातात छापील तक्ता घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, ‘‘सर, तुमच्या टाकीची नोंद करायची आहे. झाकण कुठं आहे?’’

मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. स्थानिक स्वराज्य संस्थांचे अधिकार आणि कर्तव्ये ह्या विषयावर दरवर्षी माझे सात-आठ तास होतात. असे असूनही माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो हा, ‘‘आमच्या टाकीशी नगरपालिकेचा काय संबंध?’’ आणि मग, जरा अभिमानानेच, मी म्हणालो, ‘‘अहो, आमची टाकी तीस वर्षांत एकदासुद्धा भरली नाही. वडिलांनी काम पक्के करून घेतले होते.’’

तो मुलगा हसला नाही. त्याने तक्त्यावर काहीतरी लिहिले आणि म्हणाला, ‘‘सर, जी टाकी कधीच भरत नाही ना, तीच आम्हांला आधी बघायची असते.’’

हे वाक्य मला फार दिवस पुरले. त्याचा अर्थ समजण्यासाठी ह्या टाकीचे काम कसे चालते ते आधी थोडक्यात सांगायला हवे.

आपल्याकडे पुष्कळ लोक सेप्टिक टाकीला ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात. शब्द मोठा गमतीचा आहे. टाकी नीट बांधली आणि नीट राखली तर तो खराही ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या एक्झेटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरून ह्यांनी ह्या टाकीला आजचे नाव दिले. आपल्या मुंबईलाही ती लवकरच ठाऊक झाली. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास अशाच टाकीतून निघणारा वायू धरून तो वापरण्याचे प्रयोग झाले होते.

टाकीची युक्ती साधी आहे. मैलापाणी एका बंद हौदात येऊन संथ राहते. जड भाग तळाशी बसतो, त्याला गाळ म्हणू. तेलकट, हलका भाग वर साय धरतो. मधले पाणी पुढच्या कप्प्यात आणि तिथून बाहेर जाते. तळच्या गाळाला हवा न लागता जगणारे जंतू कुजवतात आणि त्याचा आकार कमी करतात. कमी करतात, नाहीसा करीत नाहीत. म्हणून दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. बाहेर पडलेले पाणी दिसायला निवळ असले तरी ते शुद्ध नसते. रोगजंतू त्यात असतातच. म्हणून ते शोषखड्ड्यात सोडून जमिनीतून गाळून घ्यायचे असते.

आता पाहा, नीट बांधलेली टाकी पाण्याने नेहमीच भरलेली असते. पाणी जेवढे आत येते तेवढेच बाहेर जाते. वाढत जातो तो गाळ. तेव्हा ‘आमची टाकी कधी भरतच नाही’ ह्याचा अर्थ दोहोंपैकी एक. एक तर गाळ पाण्याबरोबर वाहून शोषखड्ड्यात किंवा गटारात जातो आहे. नाही तर टाकीला तळच नाही! पुष्कळ जुन्या घरांत चार बाजूंना वीट आणि खाली उघडी जमीन असते. तिला आपण टाकी म्हणतो. खरे म्हणजे तो खड्डाच. आमच्या घरी फरशीचे तीन तुकडे फोडून झाकण उघडले तेव्हा असेच निघाले. वडिलांनी काम पक्के करून घेतले होते, पण ते भिंतींचे.

श्रोतेहो, आमच्या ह्या खड्ड्यापासून शेजारच्यांची विहीर पंधरा पावलांवर आहे. भारतीय मानक संस्थेने ह्या टाक्यांसाठी एक संहिता घालून दिलेली आहे. तिचा क्रमांक आयएस २४७०, आणि १९८५ साली ती सुधारून निघाली. टाकीचे पाणी जिथे जमिनीत मुरते ती जागा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर दूर असावी, असे ती सांगते. माझी पंधरा पावले म्हणजे दहा-अकरा मीटर. विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा दाखला आला. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या घरातल्या नातवाला कावीळ झाली होती. ती आमच्या खड्ड्यामुळे झाली, असे मी म्हणू शकत नाही. झाली नाही, असेही म्हणू शकत नाही. कावीळ पाण्यातून येते तशी उघड्यावरच्या खाण्यातूनही येते. पण त्या वहिनी ती सगळी वर्षे आमच्याशी चांगुलपणाने वागत आल्या, दिवाळीला ताट पाठवीत आल्या. त्यांना कधी शंका आली असेल का? आली असली, तरी त्यांनी ती कोणत्या तोंडाने विचारायची होती? ‘भावोजी, तुमच्या संडासाचे पाणी आमच्या विहिरीत येते काय?’ हा प्रश्न काही शेजारधर्मात बसत नाही.

मला वाटते, नगरपालिकेचा संबंध सुरू होतो तो इथे. माझी टाकी माझी आहे, माझ्या पैशाने माझ्या जागेत बांधलेली आहे. पण तिच्यातून जे बाहेर पडते ते माझ्या कुंपणाला जुमानत नाही. शेजाऱ्याला माझे झाकण उघडून पाहण्याचा अधिकार नाही. मला स्वतःला ते पाहण्याची इच्छा नाही. अशा वेळी तिसऱ्या कोणीतरी, हातात तक्ता घेऊन, सगळ्या घरांना एकच प्रश्न विचारणे हाच भांडण टाळण्याचा मार्ग असतो.

हा प्रश्न दोन घरांपुरता नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातल्या शहरी घरांपैकी सुमारे ३३ टक्के घरांचे संडास भुयारी गटारांना जोडलेले आढळले. सेप्टिक टाकीवर अवलंबून असलेली घरे होती सुमारे ३८ टक्के. म्हणजे गटारांपेक्षा टाक्यांचा भार अधिक. त्यानंतर २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि घरोघर संडास झाले. ते चांगलेच झाले. पण जितके संडास वाढले तितक्या जमिनीखालच्या टाक्या आणि खड्डेही वाढले. संडासाचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते. टाकीचे छायाचित्र कोण काढणार?

पुन्हा महाराष्ट्राची जमीन एकसारखी नाही. देशावरच्या काळ्या मातीत पाणी मुरता मुरत नाही. तिथे शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो आणि मग माणसे निमूटपणे टाकीची नळी गटारात सोडतात. कोकणात आणि गोव्यात जांभा दगड. त्याच्या भेगांतून पाणी इतक्या झपाट्याने निघून जाते की गाळून निघायला उसंत मिळत नाही. आणि विहीर तर तिकडे परसापरसांत. तेव्हा नियम एकच असला तरी तो लावताना पायाखालची जमीन पाहावी लागते.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्रातल्या नगरपालिका १९६५ च्या अधिनियमाने चालतात. गावची सफाई आणि सांडपाण्याचा निचरा हे त्यांच्या कर्तव्यांत येते. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवण्याजोगे म्हणून घटनेच्या बाराव्या परिशिष्टातच नोंदले गेले. केंद्र सरकारने २०१७ साली मैलागाळाच्या व्यवस्थेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. म्हणजे अधिकारांची उणीव आहे, असे नाही. उणीव दुसरीकडे आहे.

आपला नियम टाकीला एकदाच भेटतो, बांधकामाच्या परवान्याच्या वेळी. नकाशावर एक चौकोन काढलेला असतो, त्यावर शिक्का बसतो. पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाणी राहील अशी टाकी पुरते. नकाशात ती असतेही. खणताना मात्र जागा अपुरी पडते, किंवा गवंडी म्हणतो, ‘‘साहेब, मोठी केली म्हणजे वीस वर्षं बघायला नको.’’ तळाचे काँक्रीट वाचते, मधली भिंत वाचते. खड्डा बुजण्यापूर्वी तो पाहायला कोणी आलेले नसते. पुढे घर जुने होते, वर मजला चढतो, पाच माणसांची बारा होतात, भाडेकरू येतात, टाकी तेवढीच. नियमाला त्याचा पत्ताही नसतो.

ह्यापुढचा भाग अधिक दुःखाचा आहे. शेवटी एक दिवस टाकी तुंबते. मग घाईघाईने गाडी बोलवायची. गाडी गल्लीत शिरत नाही. नळी पोहोचत नाही. तळाचा गाळ वर्षानुवर्षे बसून दगडासारखा झालेला असतो आणि यंत्र तो ओढीत नाही. मग कोणीतरी म्हणते, ‘‘एखादा माणूस उतरवा.’’ श्रोतेहो, हे वाक्य आपल्यापैकी कोणाच्याही अंगणात बोलले जाऊ नये. ह्या टाकीत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो, प्राणवायू पुरेसा नसतो. हायड्रोजन सल्फाइडचा धर्मच असा, की प्रमाण वाढले म्हणजे नाकाला त्याचा वास कळेनासा होतो. आत उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने, संरक्षक साधने आणि सुरक्षिततेची तजवीज असल्याशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा ठेकेदाराला लागू आहे, नगरपालिकेला लागू आहे, आणि घरमालकालाही लागू आहे. अशा मृत्यूंपायी कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला होता. २०२३ साली ती रक्कम तीस लाख करण्यात आली. पण रक्कम वाढल्याने माणूस परत येत नाही. टाकी दर तीन वर्षांनी, गाळ पातळ असताना उपसली, तर आत उतरण्याचा प्रसंगच बहुधा येत नाही. वेळापत्रक म्हटले की रुक्ष वाटते, पण त्या वेळापत्रकाच्या पाठीशी माणसाचा जीव आहे.

आणि उपसलेला मैला जातो कुठे? गाडी गावाबाहेर जाते, अंधारात ओढ्याच्या काठी उभी राहते आणि रिकामी होऊन परत येते. आपल्या घरची घाण आपण पैसे देऊन खालच्या गावाच्या पाण्यात टाकली, एवढाच त्याचा अर्थ.

ह्यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो पाहायला विलायतेला जाण्याची जरुरी नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईला गेले तरी पुरे. कृष्णेच्या घाटांचे, ढोल्या गणपतीचे, विश्वकोशाचे हे गाव. २०११ साली लोकवस्ती ३६ हजारांच्या आसपास. इथल्या नगरपालिकेने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने २०१८ साली एक वेगळीच पद्धत सुरू केली. टाकी तुंबल्यावर घरमालकाने अर्ज करायचा आणि मग गाडी यायची, हा क्रम त्यांनी उलटा केला. गावाचे भाग पाडले. प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा रिकामी व्हायची, असे वेळापत्रक आखले. गाडी आपण होऊन दारात येते. घरमालकाने त्या वेळी पैसे मोजायचे नाहीत. खर्च नगरपालिका कराच्या उत्पन्नातून भागवते. काम ठेकेदाराचे, पण त्याला पैसे मिळतात ते केलेल्या कामाच्या मोजमापाने. आणि उपसलेला मैला ओढ्यात जाऊ नये म्हणून दिवसाला ७० हजार लिटर मैलागाळ घेऊ शकेल असे प्रक्रियाकेंद्र उभारले. पुढे नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच वाट धरली.

ह्यातली खुबी ध्यानात घ्या. दारात गाडी आल्यावर नोंद आपोआप होते. झाकण आहे की नाही, तळ आहे की नाही, नळी कुठे सोडली आहे, हे सारे कळते. नोटीस पाठवून जे कळले नसते ते सेवा दिल्याने कळते.

लोक विरोध करीत नाहीत काय? करतात, आणि तो नेहमीच अडाणीपणाचा नसतो. आयर्लंडचे उदाहरण पाहा. तिथे खेड्यापाड्यांत सुमारे पाच लाख घरगुती टाक्या. त्यांच्यावर पुरेशी देखरेख नाही म्हणून युरोपच्या न्यायालयाने २००९ साली त्या देशाला दोषी ठरवले. मग २०१२ साली सरकारने कायदा केला. प्रत्येक टाकी नोंदवा, नोंदणीची फी ५० युरो, आणि पुढे तपासणी. खेड्यांतून एकच ओरड उठली. शहरातल्या लोकांची गटारे सरकार बांधून देते आणि आम्ही पदरच्या पैशाने टाकी बांधली तर आमच्याकडूनच पैसे घेता? शेवटी ठरावीक मुदतीत नोंदणी करणाऱ्यांसाठी फी पाच युरोंवर आणावी लागली, आणि तपासणीत नापास झालेल्या टाक्यांच्या दुरुस्तीसाठी अनुदानाची सोय करावी लागली.

मला त्या आयरिश शेतकऱ्याचे म्हणणे पटते. आपल्याकडेही तोच न्याय लागू आहे. ज्या गल्लीत गाडी शिरत नाही तिथल्या माणसाला गाडी न बोलावल्याचा दंड करता येत नाही. दीड खोलीच्या घरात ज्याची टाकी चुलीखालीच आहे त्याला १८ मीटरचा नियम वाचून दाखवणे ही थट्टा होईल. म्हणून नियम घरमालकाला बांधतो तसा तो नगरपालिकेलाही बांधला पाहिजे. नगरपालिकेने खड्डा बुजवण्यापूर्वी तो पाहायला माणूस पाठवावा. लहान गल्ल्यांसाठी लहान गाडी ठेवावी. मैला कुठे रिकामा होतो त्याचा हिशेब लोकांपुढे मांडावा. दाट वस्तीत, जिथे प्रत्येक घराला टाकी शक्यच नाही, तिथे चार घरांना मिळून सोय करून द्यावी. आणि ज्याला तळ घालायला, मधली भिंत बांधायला परवडत नाही त्याला हात द्यावा. एवढे केल्यावर जो ऐकणार नाही त्याला खुशाल दंड करावा.

आपल्या बाजूने आपण काय करायचे? फार थोडे. टाकीच्या झाकणावर फरशी बसवायची नाही. घराच्या कागदपत्रांत टाकी कुठे, केवढी, केव्हा उपसली, हे एका कागदावर लिहून ठेवायचे. नळी गटारात सोडायची नाही. गाडी आली तर तिला परत पाठवायचे नाही, आणि मैला कुठे नेणार हे तिच्या चालकाला विचारायचे. आणि कोणत्याही अडचणीत, कितीही घाई असली तरी, माणूस आत उतरवायचा नाही.

गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडून काढली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम करून दाखवले. त्यांच्या खराट्याला दिसणारी घाण होती. आपल्या काळातली घाण फरशीखाली गेली आहे. तिथे एकट्या सेवाभावाचा हात पोहोचत नाही. तिथे नोंदवही लागते, गाडी लागते आणि दर तीन वर्षांनी दार ठोठावणारा माणूस लागतो.

आमच्या अंगणात आता विहिरीपासून दूर, दुसऱ्या अंगाला नवी टाकी झाली आहे. तळ घातलेली, मधल्या भिंतीची. जुना खड्डा उपसून बुजवला. त्याला जो खर्च आला तो काही कमी नव्हता, हे कबूल करतो. शेजारच्या वहिनींना मी सारे सांगितले, विहिरीच्या पाण्याचा दाखलाही दाखवला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘भावोजी, आमचीही टाकी कधी भरली नाही हो. त्या मुलाला आमच्याकडेही पाठवा.’’